बशीतली हळद, बाळाची सलाईन

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या डोळ्याच्या कर्करोगावर केमोथेरपीच्या जोडीला वनस्पतींतली द्रव्यं दिली तर औषध जास्त लागू पडतं, असा मजकूर आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. मथळ्यात हळद ठळक होती. ‘पेशींवरील प्रयोग’ हे शब्द शोधायला मला चौथ्या परिच्छेदापर्यंत जावं लागलं. मी मुंबईतल्या एका रुग्णालयात औषधनिर्माता आहे. केमोची औषधं ज्या काचेच्या कपाटात हात घालून मिसळतात, त्या खोलीत माझा दिवस जातो. त्या मजकुराचं कात्रण आमच्या खिडकीपर्यंत आलं, तेही एका आजीच्या पिशवीतून. म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबेल, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

आजार कोणता ते आधी सांगतो, कारण त्याचं नाव मजकुरात एकदाच आणि चुकीचं छापलं होतं. रेटिनोब्लास्टोमा. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, गाठ येते. बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली असतात, पुष्कळशी तर दोन वर्षांचीही नसतात. साधारण 15 ते 20 हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो. सुमारे चाळीस टक्के मुलांमध्ये आरबी-1 या जनुकातला दोष जन्मापासून शरीरातल्या सगळ्या पेशींत असतो, बाकीच्यांत तो पुढे डोळ्यातल्याच एखाद्या पेशीत घडतो. वेळेत आलं तर मूल वाचतंच, बऱ्याचदा डोळाही वाचतो. श्रीमंत देशांत शंभरातली पंच्याण्णवहून अधिक मुलं जगतात. आपल्याकडे हा आकडा खाली येतो तो औषध नाही म्हणून नव्हे. मुलं उशिरा येतात.

आता त्या ‘जोडीला वनस्पती’विषयी. या मुलांना शिरेतून जी केमो देतात, तिच्यात 1990च्या दशकाच्या मध्यापासून तीन औषधं ठरलेली आहेत: व्हिन्क्रिस्टिन, इटोपोसाइड आणि कार्बोप्लॅटिन. सहसा सहा फेऱ्या, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. त्यातलं कार्बोप्लॅटिन प्लॅटिनमपासूनचं. उरलेली दोन्ही झाडांपासूनची. व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतून येतं. हो, तीच, तुळशीशेजारी डालड्याच्या जुन्या डब्यात लावलेली. इटोपोसाइडचं मूळ पोडोफायलम या वनस्पतीत. हिमालयात त्याला बनककडी म्हणतात. तिच्या मुळांतला पदार्थ जसाच्या तसा दिला तर फार विषारी, म्हणून स्वित्झर्लंडमधल्या सँडोझच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना बदलून 1966 साली इटोपोसाइड तयार केलं. अमेरिकेत ते वापरायला परवानगी मिळेपर्यंत 1983 उजाडलं.

सांगायचं ते एवढंच, की ‘केमो म्हणजे केमिकल, आणि झाडपाला म्हणजे निसर्ग’ अशी जी वाटणी आपल्या मजकुरात गृहीत धरली होती, तीच मुळात टिकत नाही. आमच्या कपाटात रोज झाडपालाच असतो. फरक असतो तो मोजमापाचा.

ते मोजमाप कसं, ते सांगतो. बाळाचं वजन 10 किलो असलं तर व्हिन्क्रिस्टिनचा डोस किलोला 0.05 मिलिग्रॅमप्रमाणे अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे शीशीतलं अर्धा मिलिलिटर पाण्यासारखं द्रव, सिरिंजच्या टोकाशी जेमतेम दिसेल इतकं. आधी डॉक्टरांचा हिशेब मी तपासतो, मग माझा सहकारी माझा हिशेब तपासतो, मग वॉर्डात सिस्टर तिसऱ्यांदा. पिशवीवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, फक्त शिरेतून द्या. कारण हेच औषध चुकून पाठीच्या मणक्यात गेलं तर माणूस मरतो. शिरेच्या बाहेर सांडलं तर कातडी जळते. बरोबर शिरेत गेलं तरी बद्धकोष्ठ, जबड्यात दुखणं, पाऊल लटकं पडणं हे होऊ शकतं. कधी एखाद्या मुलाची पापणी खाली येते, आणि आधीच डोळ्याच्या आजाराने धास्तावलेली आई ते बघून घाबरून खिडकीवर धावत येते. इटोपोसाइडची तऱ्हा वेगळी. ते सलाईनमध्ये पुरेसं पातळ केलं नाही तर थोड्या वेळाने तळाशी कण बसतात. म्हणून पिशवी उजेडासमोर धरून बघितल्याशिवाय मी ती पुढे देत नाही.

सदाफुलीची गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल, म्हणून थोडं विषयांतर करतो. आपल्याकडे मधुमेहाची माणसं सकाळी सदाफुलीची फुलं-पानं चावतात. जमैकातही साखरेवर तिचा काढा घेत. त्या ऐकीव गुणाची परीक्षा करायला तिथून पानं कॅनडात गेली. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी अर्क उंदरांना पाजला तर साखरेवर काहीच परिणाम नाही. टोचला तर उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले. दुसऱ्या कुणी तिथेच नाद सोडला असता. यांनी विचार केला की पांढऱ्या पेशी मारणारं द्रव्य रक्ताच्या कर्करोगात कामाचं ठरेल, आणि 1958 साली व्हिनब्लास्टिन हाती आलं. पाठोपाठ अमेरिकेतल्या एलाय लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा यांच्या कामातून व्हिन्क्रिस्टिन मिळालं, 1963 मध्ये त्याला परवानगी मिळाली. काढ्याची ख्याती एका आजारावर आणि उपयोग भलत्याच आजारात, तोही तोंडावाटे नव्हे. शेकडो किलो वाळक्या पाल्यातून ग्रॅम-दोन ग्रॅम असलं काही निघतं. तेव्हा ‘सदाफुलीत कॅन्सरचं औषध आहे’ हे वाक्य शंभर टक्के खरं असूनही सदाफुली चावून कॅन्सर बरा होत नाही, उलट पोटात विष जातं.

तिसरं उदाहरण तर माझ्या गावाकडचं. मी पाटण तालुक्यातला. कोयनेच्या खोऱ्यात नरक्या नावाचं झाड आहे, काही जण त्याला अमृताही म्हणतात. लाकडाला घाण वास. पूर्वी त्याच्याकडे ढुंकून कुणी बघत नसे. मग अचानक त्याची चोरटी तोड सुरू झाली, सालीला न् लाकडाला भाव आला, आणि वनखात्याने पकडलेल्या मालाच्या बातम्या आपल्याच पेपरांतून येऊ लागल्या. कारण नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं. या द्रव्यापासून टोपोटेकान हे केमोचं औषध बनतं, आणि डोळ्याच्या आतल्या पारदर्शक गरात गाठीचे कण तरंगू लागले की हेच टोपोटेकान बारीक सुईने थेट डोळ्यात टोचतात, किंवा जांघेतल्या धमनीतून नळी वर नेऊन डोळ्याच्या धमनीत सोडतात. कॅम्प्टोथेसिन पहिल्यांदा शोधलं ते एका चिनी झाडात, 1966 साली, अमेरिकेत. शोधणारे दोघे: मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. हे वाणी आपले नंदुरबारचे, 1925चा जन्म, शिक्षण मुंबई विद्यापीठातलं. पुढे टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाची रचनाही याच दोघांनी 1971 मध्ये जगापुढे मांडली. आपल्या नरक्यात हेच द्रव्य आहे हे 1972 साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं. गोविंदाचारी तेव्हा गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे संचालक होते. नंदुरबार, गोरेगाव, कोयना! एवढा मसाला घरात असताना आपण पुरवणीत तीच ती हळद छापतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण वाणींच्या कथेतही मधला भाग महत्त्वाचा आहे. 1970च्या दशकात कॅम्प्टोथेसिन माणसांना देऊन पाहिलं तेव्हा लघवीतून रक्त जाण्यासारखे त्रास इतके झाले की प्रयोग थांबवावे लागले. ते नेमकं काय करतं, म्हणजे पेशीत डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-1 या एन्झाइमला अडकवतं, हे 1985 मध्ये समजलं. त्यानंतर रचना बदलून टोपोटेकान झालं, त्याला 1996 मध्ये परवानगी मिळाली. झाडापासून औषधापर्यंत तीस वर्षं. आपल्या मजकुरात हा प्रवास ‘लवकरच’ या एका शब्दात उरकला होता.

आता हळदीकडे वळतो. तिच्यावरचं संशोधन खोटं नाही, हे आधी स्पष्ट करतो. गाठीच्या पेशी हुशार असतात. घरात शिरलेलं पाणी बादलीने उपसून टाकावं तसं त्या आत आलेलं औषध बाहेर फेकतात, त्यासाठी त्यांच्या भिंतीत खास प्रथिनं असतात. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या संशोधकांनी रेटिनोब्लास्टोमाच्या पेशींवर हळदीतलं कर्क्युमिन हे द्रव्य घालून पाहिलं, तेव्हा औषधाला दाद न देण्यामागच्या अशा प्रथिनांचं प्रमाण आणि काम कमी झालेलं दिसलं. म्हणजे केमो आत टिकून राहण्याची शक्यता वाढते. कल्पना चांगली आहे. द्राक्षाच्या सालीतल्या रेझव्हेराट्रॉलनेही याच पेशी मरतात, असे प्रयोग आहेत. या पेशींना वाय-79 म्हणतात. 1970च्या दशकात एका अडीच वर्षांच्या मुलीच्या उजव्या डोळ्यातल्या गाठीतून त्या घेतल्या आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वाढवल्या जातात. त्या पोरीचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण या रोगाबद्दल आपल्याला जे कळलं आहे त्यात तिचा वाटा मोठा आहे.

मात्र प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींच्या अंगावर कर्क्युमिन थेट ओततात. बाळाच्या बाबतीत हळद पोटात जाते आणि गाठ असते डोळ्याच्या आत. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. तैवानमध्ये झालेल्या एका चाचणीत मोठ्या माणसांना रोज 8 ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं होतं. तेवढं हळदीतून घ्यायचं तर रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल. एवढं देऊनही रक्तात लिटरमागे एक मिलिग्रॅमसुद्धा सापडलं नाही. आतडं ते शोषत नाही, जे शोषतं ते यकृत लगेच निकालात काढतं, आणि उरलंसुरलं डोळ्यात शिरायला वाटेत आणखी एक अडसर असतो, रक्त आणि दृष्टिपटल यांच्यामधला. म्हणूनच संशोधक आता अतिसूक्ष्म कणांत भरून द्रव्य नेण्याच्या मागे आहेत. दुधात अर्धा चमचा हळद घालून हे साधत नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

आणि ‘गुण नाही आला तरी अपाय काय?’ हा प्रश्न मला खिडकीवर नेहमी विचारतात. अपाय होऊ शकतो. 2002 साली स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर प्रयोग झाला. कॅम्प्टोथेसिनने ज्या पेशी मरायला हव्या होत्या, त्या कर्क्युमिन घातल्यावर वाचू लागल्या. आहारात कर्क्युमिन दिलेल्या उंदरांमध्ये सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध गाठ आकसवण्यात कमी पडलं. म्हणजे एका औषधाच्या जोडीला हळद साथ देते, दुसऱ्याच्या जोडीला मोडता घालते. कॅम्प्टोथेसिन म्हणजे टोपोटेकानचा बापच. ज्या बाळाच्या डोळ्यात टोपोटेकान टोचलं जातंय, त्याच्या आईने आपला मथळा वाचून कर्क्युमिनच्या गोळ्या आणल्या तर काय, याचा विचार मथळा देणाऱ्याने करायला नको का?

त्या आजींकडे येतो. मराठवाड्यातल्या, नातू सव्वा वर्षाचा, दुसऱ्या फेरीला आलेला. औषधाची चिठ्ठी काढताना पिशवीतून आधी कात्रण बाहेर पडलं आणि मागोमाग पाण्याची जुनी बाटली, आत पिवळट-तपकिरी काढा. मी विचारलं, “आजी, हे कसलं औषध?” त्या म्हणाल्या, “औषध कुठलं दादा, घरचंच आहे.” डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, बाळाला दुसरं काही औषध चालू आहे का. त्यांनी नाही म्हणून सांगितलं होतं, आणि त्यांच्या लेखी ते खरंच होतं. मी बाटलीचं झाकण उघडून वास घेतला आणि त्यांनाच घटक सांगायला लावले. हळद, गुळवेल, तूप, आणि “लागू पडावं म्हणून” भरपूर मिरी. कात्रणात मिऱ्याचा उल्लेख होता ना! तोही खोटा नव्हता. 1998 साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलंय की कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं पायपरिन दिलं तर रक्तातलं कर्क्युमिन 2000 टक्क्यांनी वाढतं.

पण का वाढतं? कारण पायपरिन यकृतातली औषध मोडणारी यंत्रणा मंद करतं. त्याच यंत्रणेतलं एक एन्झाइम व्हिन्क्रिस्टिन आणि इटोपोसाइड यांनाही मोडतं. बुरशीवरची इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही औषधं हीच वाट अडवतात, आणि ती व्हिन्क्रिस्टिनच्या सोबतीने दिली गेली तेव्हा मुलांना झटके येणं, आतडी ठप्प होणं असे प्रकार जगभर नोंदले गेले आहेत. आमटीतल्या चार मिऱ्यांनी काही होत नाही, घरातल्यांनी उगाच घाबरू नये. काढ्यात मात्र किती मिरी, किती उकळलं, दिवसातून किती वेळा, याचं माप कुणाकडेच नसतं, आणि इकडे आम्ही अर्ध्या मिलिलिटरसाठी तिघं जण हिशेब तपासतोय. गुळवेलीचं म्हणाल, तर 2021 मध्ये मुंबईच्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. तो वाद तज्ज्ञ मिटवतील. पण व्हिन्क्रिस्टिन शरीराबाहेर पडतं ते पित्तावाटे, आणि काविळीत त्याचा डोस कमी करावा लागतो, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. केमो चालू असताना त्या यकृताला आणखी कामाला लावू नये, इतकं तरी सगळ्यांनी मान्य करावं.

आजींवर मी आवाज चढवला नाही. तसं केलं की पुढच्या खेपेला बाटली पिशवीत खाली जाते, एवढाच फरक पडतो. बाटली घेऊन त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी केसपेपरवर घटक लिहून घेतले, यकृताची तपासणी पुन्हा करून मगच औषध द्यायचं ठरवलं. आजींना हवं होतं ते नातवासाठी स्वतःच्या हाताने काहीतरी करणं. ते काम डॉक्टरांनी दिलं: ताप आला की आकड्यासकट वहीत लिहायचा, शी झाली-न झाली लिहायचं, उकळलेलं पाणी आणि ताजं शिजवलेलं अन्न. आजींनी ती वही नंतर मला आणून दाखवली. तारखांखाली रेघा मारल्या होत्या.

आयुर्वेदाला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. झाडांच्या द्रव्यांची केमोशी जोड घालायचं संशोधन व्हावं, सरकारने त्याला पैसा द्यावा, आणि शक्य झालं तर मुंबईत व्हावं, अशीच माझी इच्छा आहे. आपल्या देशात या आजाराची मुलं दरवर्षी साधारण दीड हजार निघतात, त्यांच्यावरच्या चाचण्यांची सर्वांत मोठी गरज आपल्यालाच आहे. माझी तक्रार पत्रकारितेशी आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये टाटा रुग्णालयाच्या संशोधकांनी रेझव्हेराट्रॉल आणि तांबं एकत्र करून जे काम केलंय, त्याची ‘शंभर रुपयांची गोळी’ करून टाकली गेली. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या खिडकीवर लोक शंभराची नोट पुढे करून ती गोळी मागत होते. गोळी तेव्हा बाजारात नव्हतीच. त्यांना परत पाठवायचं काम बातमी लिहिणाऱ्यांच्या वाट्याला येत नाही, आमच्या येतं.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. अशी बातमी छापताना प्रयोग बशीत झाला, उंदरात झाला की मुलांवर झाला, हे मथळ्यातच यावं. कोणत्या औषधासोबत आणि कोणत्या वाटेने दिलं, हे पहिल्या परिच्छेदात यावं. ‘रुग्णांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ ही ठरलेली शेवटची ओळ कुणी वाचत नाही. त्याऐवजी ‘घरचं जे काही देता ते बाटलीसकट डॉक्टरांना दाखवा’ असं लिहावं. आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की ‘दुसरं औषध चालू आहे का’ असं न विचारता ‘घरचं काय काय देता’ असं विचारा. उत्तर वेगळं येतं.

एक शेवटची गोष्ट, जिला आपल्या मजकुरात जागाच मिळाली नव्हती. या आजाराची पहिली खूण बहुतेक वेळा आईबापांनाच दिसते. फ्लॅश मारून फोटो काढला की बाकीच्यांच्या डोळ्यांत लाल ठिपका दिसतो आणि बाळाच्या एका बाहुलीत पांढरी चमक. कधी संध्याकाळच्या उजेडात मांजराच्या डोळ्यासारखं चकाकतं. कधी नुसताच तिरळेपणा असतो, आणि घरातले म्हणतात, तिरळं बाळ भाग्याचं. अशी प्रत्येक चमक कर्करोगाची नसते, मोतीबिंदूही असू शकतो. पण दोन्हीत वाट बघण्यात अर्थ नाही. नेत्रतज्ज्ञाकडून बाहुली मोठी करून तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. आणि तपासणीनंतर ‘डोळा काढावा लागेल’ असं डॉक्टर म्हणाले, तर ते ऐकून पळून जाऊ नका. गाठ डोळ्याच्या खोबणीबाहेर आल्यावर परत येणारी मुलं मी पाहतो. तेव्हा आमच्या कपाटातली सदाफुली, बनककडी आणि नरक्या तिन्ही मिळूनही अपुरी पडतात.

जागा कमी पडली तर वाणींचा आणि कोयनेचा मजकूर कापलात तरी माझी हरकत नाही. पांढऱ्या चमकेचा परिच्छेद मात्र तसाच छापावा, आणि जमल्यास पुरवणीच्या पहिल्या पानावर, फोटोसकट.

आपला नम्र,
एक औषधनिर्माता, मुंबई
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)